पत्त्यांच्या एका मॅचसाठी अख्ख्या अमेरिकेला पेपर वाचायला लावणारा माणूस : ईली कल्बर्टसन

मनमाड-नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची म्हटलं की प्रवास मोठा असतो. अशा प्रवासात मांडीवर बॅग आडवी पडते, पत्ते पिसले जातात आणि मेंढीकोट सुरू होतो. मेंढीकोट खेळलेल्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो. भिडू समोर बसलेला असला तरी आपल्या हातात काय आहे ते त्याला सांगायचं नाही. कुणी डोळा मारला, मुद्दाम खोकलं किंवा पान जोरात आपटलं, की लगेच रडीचा डाव म्हणून आरडाओरडा होतो.

पत्त्यांचा असाही एक खेळ आहे, ज्यात भिडूला हातातली पानं सांगायला परवानगी असते. अट एवढीच की जे सांगायचं ते ठरावीक शब्दांतच सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्या शब्दांचा अर्थ समोरच्या जोडीलाही माहीत असला पाहिजे. हा खेळ म्हणजे ब्रिज.

2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने याच ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा पत्त्यांना पण पदक असतं का, असा प्रश्न अनेकांना पडला होता. मिश्र सांघिक गटात कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात मुंबईच्या हेमा देवराही होत्या.

पण ब्रिजमध्ये बोलीची भाषा हा लाखो लोकांच्या चर्चेचा, भांडणाचा आणि कोट्यवधींच्या धंद्याचा विषय झाला तो साधारण नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी. त्यामागे एक माणूस होता, ईली कल्बर्टसन.

आधी ब्रिज म्हणजे काय ते समजून घेऊ

चार खेळाडू, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. प्रत्येकाला 13 पानं. एकेक पान टाकून 13 हात खेळायचे. इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे.

फरक पडतो तो पानं टाकण्याच्या आधी. ब्रिजमध्ये हुकूम कोणता हे लिलावाने ठरतं. प्रत्येकाने आपली बोली लावायची. एक किलवर म्हणजे किलवर हुकूम धरून आमची जोडी सात हात करेल. दोन बदाम म्हणजे बदाम हुकूम धरून आठ हात. बोली चढत जाते आणि जी शेवटची राहते ते त्या जोडीचं कॉन्ट्रॅक्ट. तेवढे हात झाले तर गुण, नाही झाले तर दंड.

या लिलावात वापरायचे शब्द मोजून 15 आहेत. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास, डबल आणि रिडबल. एवढ्या शब्दांत आपल्या हातातल्या 13 पानांची गोष्ट भिडूला सांगायची. म्हणून प्रत्येक जोडी आधीच ठरवून ठेवते की कोणत्या बोलीचा अर्थ काय. या ठरवाठरवीला बिडिंग सिस्टिम म्हणतात.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आज ज्या रूपात खेळला जातो, ते रूप त्याला अमेरिकन धनाढ्य हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने 1925 साली दिलं. पनामा कालव्यातून हवानाकडे निघालेल्या एका जहाजावर त्याने गुण मोजण्याची नवी पद्धत करून पाहिली. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी लावली तरी जास्तीच्या हातांचा पूर्ण फायदा मिळायचा. नव्या खेळात जेवढं बोललात तेवढ्याचाच मोठा बोनस. त्यामुळे भिडूचा हात अचूक ओळखणं ही चैन राहिली नाही, गरज झाली. बोलीची चांगली भाषा कोण देणार, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

तेलविहिरी, क्रांती आणि जुगार

ईली कल्बर्टसनचा जन्म 22 जुलै 1891 चा, रोमानियातला. वडील अल्मन अमेरिकन खाण अभियंता, तेलाच्या शोधात युरोपात आलेले. आई झेनिया रशियन कोसॅक घराण्यातली. बालपण गेलं रशियाच्या कॉकेशस भागात, तेलविहिरींच्या पैशावर. पुढे पॅरिस आणि जिनिव्हा इथे त्याने शिक्षण घेतलं, पण खरा अभ्यास त्याचा त्यानेच केला. अर्धा डझन भाषा तो सहज बोलायचा.

तरुणपणी आपण क्रांतिकारकांच्या नादाला लागलो, तुरुंगात गेलो, अशा कथा त्याने आत्मचरित्रात रंगवून सांगितल्या आहेत. त्यातलं खरं किती आणि मसाला किती, यावर त्याचे चरित्रकार आजही सावध असतात. एक गोष्ट मात्र पक्की आहे. 1917 च्या रशियन क्रांतीत कुटुंबाची संपत्ती बुडाली आणि पंचविशीतल्या ईलीच्या हातात पत्ते तेवढे उरले.

पुढची काही वर्षं पॅरिस आणि युरोपातल्या इतर शहरांत तो पत्ते खेळून जगला. 1921 मध्ये अमेरिकेत परतला, तिथेही तेच. ऑक्शन ब्रिज आणि पोकर.

न्यूयॉर्कच्या ब्रिज क्लबमध्ये त्याला जोसेफाइन डिलन भेटली. ती त्या काळातल्या अव्वल महिला खेळाडूंपैकी एक, शिवाय ब्रिजची नावाजलेली शिक्षिका. तिच्याकडे नाव होतं, शिष्य होते, शिस्त होती. याच्याकडे कल्पना आणि डोक्यावर कर्ज. 1923 मध्ये दोघांनी लग्न केलं. टेबलावरही ते एकमेकांचे भिडू झाले.

सिस्टिम विकायची कशी?

व्हँडरबिल्टने फक्त खेळ दिला नव्हता, एक बिडिंग सिस्टिमही दिली होती. त्यात एक किलवर या बोलीचा किलवरच्या पानांशी संबंधच नव्हता. त्याचा अर्थ होता, माझा हात जोरदार आहे. बोलीचा अर्थ शब्दापेक्षा वेगळा असेल तर तिला कृत्रिम बोली म्हणतात. तेव्हाच्या सर्वसामान्य खेळाडूंना हे विचित्र वाटलं. किलवर नसताना किलवर बोलायचं म्हणजे सांकेतिक भाषाच झाली, असं त्यांचं म्हणणं.

कल्बर्टसनने हे हेरलं. त्याची सिस्टिम बरीचशी नैसर्गिक होती. इस्पिक जास्त असतील तर इस्पिक बोला. सुरुवात एकच्या बोलीने करा, भिडूचं ऐका, मग हळूहळू वर चढा. हात फारच जोरदार असेल तर दोनची बोली लावा, म्हणजे भिडूने पास करायचं नाही, हे ठरलेलं. या पद्धतीला अप्रोच-फोर्सिंग असं नाव पडलं. हाताची ताकद मोजायला ऑनर ट्रिक्सचं कोष्टक होतं. एक्का म्हणजे एक, एकाच रंगाचे एक्का-राजा म्हणजे दोन, राजा-राणी म्हणजे एक.

1929 मध्ये त्याने द ब्रिज वर्ल्ड हे मासिक काढलं. ते आजही निघतं. 1930 मध्ये त्याचं ब्लू बुक आलं. महामंदीचा काळ होता. लोकांकडे नाटक-हॉटेलला पैसे नव्हते, पण घरात चार खुर्च्या आणि पत्त्यांचा एक जोड होता. 1931 साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या पहिल्या दहा कथेतर पुस्तकांत दोन पुस्तकं एकट्या कल्बर्टसनची होती.

प्रसिद्धीसाठी तो कशाचाही वापर करायचा. सप्टेंबर 1929 मध्ये कॅन्सस सिटीत मर्टल बेनेट नावाच्या महिलेने ब्रिजच्या डावावरून झालेल्या भांडणानंतर नवऱ्यावर गोळ्या झाडल्या. तो चार इस्पिकचं कॉन्ट्रॅक्ट हरला होता. खटला गाजला आणि 1931 मध्ये ती निर्दोष सुटली. कल्बर्टसनने या प्रकरणाचीही जाहिरात करून घेतली. योग्य सिस्टिम वापरली असती तर ही वेळ आली नसती, हा त्याचा सूर. एका माणसाचा जीव गेलेला असताना असा प्रचार करणं अनेकांना खटकलं. पुस्तकं मात्र खपत राहिली.

ड्युप्लिकेट ब्रिजची परीक्षा

पुस्तकं खपली म्हणजे सिस्टिम चांगली, असं काही होत नाही. लंडनमधले लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर यांना तर हे सगळं अमेरिकन थोतांड वाटायचं. सिस्टिम-बिस्टिम काही नको, जे आहे ते सरळ बोला, असा त्यांचा पक्ष. त्यांनी कल्बर्टसनच्या संघाला हरवण्याची भाषा केली आणि 1930 मध्ये लंडनच्या ऑल्मॅक्स क्लबमध्ये सामना ठरला.

हा सामना ड्युप्लिकेट पद्धतीने झाला. घरगुती पत्त्यांत चांगली पानं आली की जिंकलो, असं असतं. ड्युप्लिकेटमध्ये तसं चालत नाही. एका खोलीत जो डाव वाटला जातो, तीच पानं तशीच्या तशी दुसऱ्या खोलीत जातात. तिथे तुमच्या संघाची दुसरी जोडी विरोधकांच्या जागी बसलेली असते. म्हणजे एका टेबलावर तुमच्या संघाला खराब पानं आली, तर दुसऱ्या टेबलावर त्याच डावातली चांगली पानं तुमच्याच संघाकडे असतात. शेवटी बघायचं एवढंच की तीच पानं घेऊन कोणी जास्त कमावलं. नशिबाचा भाग जवळपास संपतो आणि उरतं ते बोली आणि खेळाचं कसब.

ईली, जोसेफाइन, थिओडोर लाइटनर आणि वॉल्डेमार फॉन झेडविट्झ हे चौघं 200 डाव खेळले आणि स्पष्ट फरकाने जिंकले. सिस्टिम असलेला संघ सिस्टिम नसलेल्या संघाला हरवतो, हे आकड्यांनी दिसलं. ब्रिटनमध्येही ब्लू बुकची मागणी वाढली.

शतकातली मॅच

आता अमेरिकेतले जुने जाणकार बिथरले. सिडनी लेन्झ, मिल्टन वर्क यांच्यासारखी मंडळी वर्षानुवर्षं ब्रिज शिकवत होती, पुस्तकं लिहीत होती. कालपरवा आलेला माणूस सगळी बाजारपेठ घेऊन चालला होता. त्यांनी एकत्र येऊन स्वतःची ऑफिशियल सिस्टिम जाहीर केली.

कल्बर्टसनने थेट लेन्झला आव्हान दिलं. 150 रबर खेळायचे. हरलो तर 5,000 डॉलर देईन, लेन्झ हरला तर त्याने फक्त 1,000 द्यायचे. पैसे धर्मादाय कामाला जाणार होते.

7 डिसेंबर 1931 ला न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात सामना सुरू झाला. लेन्झचा भिडू होता ऑस्वाल्ड जेकोबी, विशीतला तल्लख खेळाडू. पंच म्हणून आल्फ्रेड ग्रुएन्थर नावाचा लष्करी अधिकारी होता. हाच ग्रुएन्थर पुढे युरोपातल्या नाटो फौजांचा सर्वोच्च सेनापती झाला.

फटीतून डाव बघायला पत्रकारांची रांग लागायची. रोज तारेने बातम्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत डाव छापून यायचे. कल्बर्टसन मुद्दाम उशिरा यायचा, टेबलावरच जेवण मागवायचा, लेन्झला चिडवायचा. जोसेफाइन मात्र शांतपणे खेळत राहायची. सुरुवातीला मागे पडलेली कल्बर्टसन जोडी हळूहळू पुढे सरकली.

पलीकडच्या बाजूला वेगळंच चाललं होतं. जेकोबीला सायकिक बोलीची आवड होती. सायकिक म्हणजे हातात नसलेल्या पानांची मुद्दाम लावलेली खोटी बोली. विरोधक फसावेत हा हेतू असतो. नियमाने त्याला परवानगी आहे, कारण तुमचा भिडूही तितकाच अंधारात असतो. अडचण हीच की लेन्झही फसायचा. दोघांचे खटके उडायला लागले. 103 रबर झाल्यावर एका डावावरून लेन्झने त्याला बोल लावला आणि जेकोबी सामना सोडून निघून गेला. त्याच्या जागी विनफिल्ड लिगेट आला.

8 जानेवारी 1932 ला शेवटचा रबर संपला तेव्हा 879 डाव झाले होते आणि कल्बर्टसनची बाजू 8,980 गुणांनी पुढे होती.

आज अनेक अभ्यासक सांगतात की दोन्ही सिस्टिममध्ये तसा मोठा फरक नव्हता. शिवाय हा सामना ड्युप्लिकेट नव्हता, त्यामुळे पानांच्या नशिबाचाही भाग होता. फरक पडला तो भिडूंमध्ये. एका बाजूला एकमेकांवर भरवसा असलेली जोडी होती, दुसऱ्या बाजूला एकमेकांवर चिडलेली. पण लोकांनी निष्कर्ष काढला तो असा की कल्बर्टसनची सिस्टिम जिंकली.

त्यानंतरची चार-पाच वर्षं त्याचीच होती. पेपरमधले कॉलम, रेडिओ, सिनेमासाठी छोट्या फिल्म्स, प्लॅस्टिकचे पत्ते बनवणारी कंपनी, आलिशान क्लब आणि त्याच्या पद्धतीने शिकवणारे हजारो शिक्षक. 1935 मध्ये हॅल आणि डोरोथी सिम्स या नवरा-बायकोच्या जोडीलाही ईली आणि जोसेफाइनने हरवलं. टेबलावर भांडण न करणारं आदर्श जोडपं, अशी त्यांची ओळख झाली होती.

बुडापेस्टची हार

टेबलाबाहेरचं चित्र तसं नव्हतं. ईलीचा स्वभाव, उधळपट्टी आणि बाहेरची प्रकरणं यांनी संसार पोखरला होता. जून 1937 मध्ये बुडापेस्टला जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरली. तिथे दोघं एकत्र खेळायला गेले तेव्हा नातं संपत आलं होतं. संघात हेलन सोबेल आणि चार्ल्स फोगलहोफर हे आणखी दोघं होते.

अंतिम फेरीत समोर होता ऑस्ट्रियाचा संघ. त्यांच्या मागे होता व्हिएन्नाचा डॉ. पॉल स्टर्न. त्याने तयार केलेली व्हिएन्ना सिस्टिम कल्बर्टसनच्या पद्धतीपेक्षा बरीच वेगळी होती. तिच्यात एक किलवर ही साधारण ताकदीच्या हाताची खूण होती, किलवर असोत वा नसोत. एक बिनहुकूम म्हणजे अतिशय जोरदार हात. नैसर्गिक बोली सोडून कृत्रिम बोलींवर उभी केलेली अशी भाषा ऑस्ट्रियन खेळाडूंनी घोटून घोटून पक्की केली होती.

ऑस्ट्रिया जिंकली. हा सामना ड्युप्लिकेट होता, त्यामुळे पानांना दोष द्यायला जागा नव्हती. ज्या कसोटीवर कल्बर्टसनने बुलरला हरवून नाव कमावलं, त्याच कसोटीवर तो हरला. विचित्र म्हणून बाजूला ठेवलेल्या कल्पना जगातल्या सर्वात मोठ्या टेबलावर चालल्या.

त्या विजेत्यांनाही फार काळ आनंद मिळाला नाही. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केली. नाझींचा विरोधक असलेल्या स्टर्नला देश सोडून लंडन गाठावं लागलं. ऑस्ट्रियाचा जगज्जेता संघ पांगला. त्याच वर्षी ईली आणि जोसेफाइनचा घटस्फोट झाला. धंद्यात मात्र ते पुढेही सोबत राहिले.

पत्त्यांकडून जगाच्या राजकारणाकडे

घटस्फोटाच्या वेळी कल्बर्टसन चाळिशीत होता. पैसा होता, नाव होतं, पण बुडापेस्टनंतर तो मोठ्या स्पर्धांत परत उतरला नाही. त्याचं लक्ष लागलं जागतिक शांततेकडे. क्रांती आणि महायुद्धात सगळं गमावलेल्या माणसाला युरोप पुन्हा पेटताना दिसत होता.

1940 मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं. 1943 मध्ये टोटल पीस हे पुस्तक काढलं. त्याची योजना थोडक्यात अशी होती. प्रत्येक देशाच्या सैन्याला आणि मोठ्या शस्त्रांना कोटा ठरवून द्यायचा आणि वेगवेगळ्या देशांच्या तुकड्या मिळून एक आंतरराष्ट्रीय पोलीस दल उभं करायचं. कोणताही एक देश इतरांना भारी पडू नये, हा हेतू. संयुक्त राष्ट्रसंघ झाल्यावर त्यात सुधारणा व्हावी म्हणून तो वॉशिंग्टनमध्ये खेटे घालत राहिला. काही खासदारांनी त्याचं ऐकूनही घेतलं. पण शीतयुद्ध सुरू झालं आणि योजना कागदावर राहिली.

इकडे ब्रिज त्याच्याशिवाय पुढे गेला. 1949 मध्ये चार्ल्स गोरेनने पॉइंट काउंट पद्धत घरोघरी पोहोचवली. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक. मोजायला सोपं. ऑनर ट्रिक्स मागे पडल्या आणि नवशिक्यांच्या हातात कल्बर्टसनऐवजी गोरेनचं पुस्तक आलं. 1947 मध्ये केलेलं त्याचं दुसरं लग्नही टिकलं नाही. 27 डिसेंबर 1955 ला अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातल्या ब्रॅटलबरो इथे तो गेला. तीन महिन्यांनी, मार्च 1956 मध्ये जोसेफाइनही गेली.

मग आज त्याचं काय उरलं?

त्याचं कोष्टक आज कोणी वापरत नाही. कृत्रिम बोली तर सगळीकडे पसरल्या. 1960 च्या दशकात सी. सी. वेई या चिनी वंशाच्या जहाज व्यावसायिकाने प्रिसिजन सिस्टिम तयार केली. तिच्यात एक किलवर म्हणजे जोरदार हात, व्हँडरबिल्टची तीच जुनी कल्पना. ती वापरून तैवानचा संघ 1969 मध्ये थेट जागतिक स्पर्धेत दुसरा आला. पुढे तर पास म्हणजे जोरदार हात, अशा उलट्या सिस्टिमही निघाल्या. त्या इतक्या अवघड झाल्या की जागतिक ब्रिज महासंघाला अतिविचित्र पद्धतींसाठी वेगळे निर्बंध आणावे लागले.

अशा वेळी एक जुना नियम कामाला येतो. सिस्टिम कितीही विचित्र असली तरी चालेल, पण ती गुप्त नको. आज ड्युप्लिकेट स्पर्धेत प्रत्येक जोडीकडे आपल्या बोलींचे अर्थ लिहिलेलं कार्ड असतं. भिडूने वेगळ्या अर्थाची बोली लावली की विरोधकांना सावध करावं लागतं. त्यांनी विचारलं तर खरा अर्थ सांगावा लागतो. बोलीही तोंडाने न बोलता छापील कार्डांनी दाखवतात, म्हणजे आवाजाच्या चढ-उतारातून काही सुचवता येऊ नये.

बोलीचा अर्थ छापून चारचौघांच्या हातात देण्याची सवय ब्रिजला लावणाऱ्यांत कल्बर्टसनचं नाव पहिल्या काही जणांत येतं. त्याने ते पैशासाठी केलं, हे खरंच आहे. पण पुस्तकाच्या दुकानात कुणालाही विकत मिळणारी भाषा काही मोजक्या क्लबांची मक्तेदारी राहत नाही. न्यूयॉर्कमधल्या श्रीमंताला जे कळायचं ते छोट्या गावातल्या शिक्षकालाही कळायला लागलं.

त्याची मोठी चूक एकच. आपली सिस्टिम वापरली की जोडी जमते, असं तो लोकांना सांगत राहिला. लेन्झच्या टेबलावर जिंकली ती भिडूवर भरवसा ठेवणारी जोडी आणि बुडापेस्टला तोच भरवसा त्याच्याकडे उरला नव्हता. सिस्टिम पुस्तकात मिळते. तिच्यावर विसंबून पान टाकायचं तर भिडू मात्र स्वतःच जपावा लागतो, मग खेळ जागतिक अजिंक्यपदाचा असो नाहीतर पंचवटीतल्या मेंढीकोटचा.